शिशुसंगोपनाचा खर्च : पाळणाघर आणि सांभाळणारी बाई

आईवडील दोघेही कामासाठी घराबाहेर असताना तान्ह्या मुलाचा सांभाळ मोबदला देऊन करून घेण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात रूढ आहेत. एक, मुलाला पाळणाघरात ठेवणे आणि दुसरी, मुलासाठी घरी बाई ठेवणे. या दोहोंपैकी कोणती रीत परवडते, हा नोकरदार कुटुंबांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तान्हे मूल म्हणजे जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचे मूल असा अर्थ घेतला असून विवेचन मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

पाळणाघराचे मासिक शुल्क आणि बाईचा पगार हे दोनच आकडे शेजारी मांडले तर पाळणाघर जवळजवळ नेहमीच स्वस्त दिसते. याचे कारण साधे आहे. घरी ठेवलेल्या बाईचे श्रम एका मुलावर खर्च होतात, पाळणाघरात तेच श्रम अनेक मुलांत वाटले जातात. ते किती मुलांत वाटले जातात आणि त्या श्रमांचे मोल कोणत्या दराने केले जाते, या दोन बाबी पाहिल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

संज्ञा

'पाळणाघर' हा शब्द 'पाळणा' आणि 'घर' या दोन शब्दांचा समास आहे. इंग्रजी 'क्रेश' या संज्ञेला मराठीत हाच प्रतिशब्द रूढ आहे. मुलाचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीसाठी मात्र मराठीत एकच एक शब्द नाही. संस्कृतात 'धात्री' हा शब्द असून सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात धात्री कशी निवडावी याचे विवेचन आहे. 'दाई' हा शब्द फारसीतून, तर 'आया' हा पोर्तुगीजांकडून आला. मराठवाड्यात 'दाई' म्हटले की सुईणही समजली जाते, त्यामुळे मूल सांभाळणारीस तो शब्द सहसा लावत नाहीत. 'लेकरू सांभाळायला बाई ठेवली आहे' असे बोलले जाते आणि घरात तिला 'मावशी' म्हणून हाक मारतात. नात्याचा शब्द वापरल्याने आपुलकी येते हे खरे, परंतु पगार, सुट्टी आणि कामाचे तास यांविषयी स्पष्ट बोलणे त्याच शब्दामुळे अवघड होऊन बसते, हेही तितकेच खरे आहे.

बाळंतपणानंतर सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्यासाठी येणारी बाई या दोन्ही रीतींहून वेगळी आहे. तिचे काम दिवसाकाठी तास-दीड तासाचे असते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे तिचा खर्चही बहुधा माहेरकडेच पडतो. घरखर्चाच्या वहीत बालसंगोपनाची पहिली नोंद अनेकदा तिच्याच नावाची असते.

पूर्वपीठिका

मोबदला देऊन मूल सांभाळून घेण्याची प्रथा नवी नाही. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाई यांची प्रकृती ठीक नसल्याने कापूरहोळ येथील धाराऊ गाडे यांची दूधआई म्हणून योजना झाली. राजघराण्यात अशी सोय असे. कष्टकरी बाईचे मूल मात्र झोळीत, शेताच्या बांधावर किंवा थोरल्या बहिणीच्या काखेत वाढे.

हा प्रश्न सार्वजनिक झाला तो मुंबईच्या कापडगिरण्यांमुळे. गिरणीत कामाला जाणाऱ्या अनेक स्त्रिया मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देत असत. संगोपनाची ही सर्वांत स्वस्त रीत होती आणि तिची किंमत मुलाने चुकवली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतिकाळात मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पुढील वर्षी मुंबई प्रसूतिलाभ अधिनियम, १९२९ संमत झाला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या ठिकाणी हा कायदा लागू नव्हता.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात पाळणाघराला शिक्षणाची जोड दिली ती ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. यातून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी 'विकासवाडी' उभी राहिली. शाळेत पाळणा बांधल्याशिवाय मुलगी शाळेत येणार नाही, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था सुरू केली. पुढे तिचे काम मुंबईतही आले.

मध्यमवर्गीय पाळणाघराचा उगम याहून निराळा आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथील वसाहतींमध्ये एखादी गृहिणी आपल्याच घरात शेजारच्या नोकरदार स्त्रियांची चार-पाच मुले सांभाळू लागली आणि तेच पाळणाघर झाले. नांदेड व लातूर येथेही शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका आणि महाविद्यालयीन कर्मचारी राहतात त्या वसाहतींत याच धर्तीची घरगुती पाळणाघरे आढळतात. त्यांच्या जोडीला आता शिशुवर्गाला जोडलेली, फलक लावून चालवलेली पाळणाघरेही आली आहेत.

खर्चाची मांडणी

तुलना करताना आधी तास मोजावे लागतात. लातूरहून औसा तालुक्यातील एखाद्या गावी रोज जाणे-येणे करणारी शिक्षिका उदाहरणादाखल घेता येईल. शाळा साडेदहा ते पाच धरली तरी एस.टी.ची वेळ, रस्ता आणि परतीची वाट पाहणे धरून ती सकाळी नऊला निघते व सायंकाळी सहाला घरी येते. म्हणजे रोज ९ तास. महिन्याचे २६ दिवस धरल्यास २३४ तास होतात. मुलाला कोणी तरी इतके तास सांभाळणार आहे. हे काम आजीने केले, शेजारणीने केले, पाळणाघराने केले किंवा पगारी बाईने केले, तरी तास तेवढेच राहतात.

या तासांचे मोल ठरवण्यास एक सोयीचा मापदंड आहे तो राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचा मजुरीदर. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरल्यास ताशी ३९ रुपये पडतात. माती खोदण्याला समाज जो दर देतो, किमान तोच दर मूल सांभाळण्यासाठी द्यायचा ठरवला, तर २३४ तासांचे ९,१२६ रुपये होतात. हा बाजारभाव नव्हे. मोलमजुरीशी समान न्याय करायचा तर बाईच्या पगाराची पातळी कोठे असावी, एवढेच हा आकडा सांगतो. दिवाळीला एका महिन्याचा जादा पगार देण्याची रीत पाळल्यास वर्षाचा खर्च १,१८,६३८ रुपये होतो. साडी, चहा आणि दुपारचे जेवण वेगळे.

आता हीच बाई पाळणाघरात आहे असे समजू. तिच्याकडे तीन मुले असतील तर तिच्या पगाराचा प्रत्येक मुलामागे वाटा ३,०४२ रुपये, पाच मुले असतील तर सुमारे १,८२५ रुपये आणि दहा असतील तर सुमारे ९१३ रुपये पडतो. जागा, वीज, पाणी, खेळणी, स्वच्छता व चालकाचे स्वतःचे उत्पन्न यांसाठी तेवढीच रक्कम आणखी धरली, तर शुल्क अनुक्रमे सुमारे ६,१००, ३,६५० आणि १,८२५ रुपये येते. एकाच गावातील दोन पाळणाघरांच्या शुल्कात तिप्पट तफावत का असते, याचे उत्तर बहुतेक वेळा या भागाकारात सापडते. स्वस्त पाळणाघराने काही जादू केलेली नसते. तेथे एका बाईमागे मुले जास्त असतात किंवा बाईला पगार कमी असतो, पुष्कळदा दोन्ही. म्हणून शुल्क विचारण्याआधी 'एका बाईकडे किती मुले?' हा प्रश्न विचारणे उचित होय. २०१३ च्या राष्ट्रीय शिशुसंगोपन व शिक्षण धोरणानुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी असे प्रमाण धरले आहे. हे प्रमाण सैल आहे. सहा-सात महिन्यांची तीन बाळे एकाच वेळी रडू लागली तर दोन हातांच्या बाईला काय करता येईल, याचा अंदाज कोणत्याही आईला बांधता येतो.

दोन मुले असल्यास गणित उलटते. पाळणाघराचे शुल्क दर मुलामागे असते, घरच्या बाईचा पगार मात्र दुसऱ्या मुलाने दुप्पट होत नाही. वरील आकड्यांनुसार तिघांमागे एक बाई असलेल्या पाळणाघरात दोन मुले ठेवण्यापेक्षा घरी बाई ठेवणे स्वस्त पडते. पाचांमागे एक असेल तर दोन मुलांपर्यंत पाळणाघर स्वस्त आणि तिसऱ्या मुलाला घरची बाई स्वस्त. जुळ्या मुलांच्या पालकांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

मोठी शहरे आणि मराठवाडा यांत फरक पडतो तो जागेमुळे. मुंबई-पुण्यात पाळणाघराच्या खर्चाचा मोठा भाग भाड्यात जातो. लातूर-नांदेडमध्ये स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवणारीस तो खर्च नसतो. त्यामुळे शुल्क उतरते, परंतु त्याबरोबर नोंदणी, देखरेख आणि पर्यायी व्यवस्था यांचाही अभाव येतो. चालक बाई आजारी पडली किंवा तिच्या घरी लग्न निघाले की पाळणाघर बंद.

वहीत न येणारे खर्च

घरी ठेवलेल्या बाईच्या रजेचा खर्च पालकांच्या रजेत मोजावा लागतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांत या रजेला शेतीचे वेळापत्रक आहे. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत शेतमजुरीचे दर चढतात. महिनाभर बाळ सांभाळून मिळणाऱ्या पैशाचा मोठा भाग काही दिवसांच्या काढणीत हाती पडत असेल, तर बाईने ते दिवस सुट्टी मागणे हा बेजबाबदारपणा नव्हे, तो तिचा हिशेब आहे. माळेगावची खंडोबाची यात्रा आणि लग्नसराई या दिवसांतही हेच घडते. मोबदला ठरवतानाच वर्षाच्या काही दिवसांची पगारी रजा धरली तर हे प्रसंग अचानक उद्भवत नाहीत.

शिक्षक कुटुंबांत याच्या उलट अडचण येते. मे महिन्यात व दिवाळीत आई घरी असते. त्या काळात बाईचा पगार द्यायचा की नाही, यावर पुढे ती जूनमध्ये परत येणार की नाही हे ठरते. सुट्टीतील पगार वाचवणाऱ्या घराला दर जूनला नवी बाई शोधावी लागते आणि मुलाला दर जूनला नव्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते. पाळणाघरेही जागा राखून ठेवण्यासाठी सुट्टीतील शुल्क पूर्ण किंवा अंशतः घेतात.

पाळणाघराचा छुपा खर्च आजारपणाचा. अनेक मुले एकत्र असली की पहिल्या वर्षी सर्दी, ताप, जुलाब यांची वारंवारता वाढते आणि ताप असलेल्या मुलाला पाळणाघर घेत नाही, घेऊही नये. त्या दिवशी शुल्क भरलेले असते आणि रजाही पडते. ही रजा जवळजवळ नेहमी आईच काढते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातील व्यक्तींची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर तेच काम करणारे पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले होते.

'तिचा पगार तर सांभाळणारीलाच जातो, मग नोकरी कशाला?' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. या वाक्यात दोन चुका आहेत. संगोपनाचा खर्च दोघांच्या मिळून उत्पन्नातून वजा करायचा असताना तो एकट्या आईच्या पगारातून वजा केला जातो, ही पहिली. दुसरी चूक अशी की खर्च दोन-तीन वर्षांचा असतो आणि तोटा मात्र संपूर्ण सेवेचा होतो. वार्षिक वेतनवाढी, ज्येष्ठता, निवृत्तिवेतनासाठी जमा होणारी रक्कम हे सारे सोडलेल्या नोकरीबरोबर जाते.

काही वेळा मात्र हे वाक्य निव्वळ गणित म्हणूनही खरे ठरत असे. महाराष्ट्रात नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून ठरावीक मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते. २०२२-२३ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला २५६ रुपये होता, म्हणजे २६ दिवसांचे ६,६५६ रुपये. याचा अर्थ असा की पदविका घेऊन, परीक्षा देऊन शाळेत लागलेली शिक्षणसेविका आपल्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईला रोजगार हमीच्या दरानेही पगार देऊ शकत नव्हती. २०२३ च्या प्रारंभी हे मानधन १६,००० रुपये करण्यात आले. पहिली नोकरी आणि पहिले मूल बहुधा याच तीन वर्षांत येतात, हे ध्यानात घेतल्यास त्या सहा हजारांच्या काळात कितीजणींची बाळे आजोळी राहिली असतील याची कल्पना येते.

आजी

मराठवाड्यात या दोन रीतींपूर्वी तिसरीचा विचार होतो, ती आजी. गावाकडून आजी येऊन राहते आणि खर्च शून्य झाला असे मानले जाते. प्रत्यक्षात तो शून्य नसतो. गावी आजोबांच्या भाकरीची सोय करावी लागते, जनावरांचे दूध-पाणी दुसऱ्यावर पडते, शेतातील तिच्या वाट्याचे काम मजुराकडून करून घ्यावे लागते. साठी ओलांडलेल्या स्त्रीने रांगत्या मुलामागे नऊ तास धावायचे, हा तिच्या गुडघ्यांचा खर्च निराळाच. आजीच्या मायेला मोल नाही हे खरे आहे, परंतु तिच्या श्रमाला मोल नाही असा त्याचा अर्थ अनेकदा घेतला जातो. काही कुटुंबे आजीच्या जोडीला अर्ध्या दिवसाची बाई ठेवतात. आजी देखरेख करते व बाई उचल-ठेव, आंघोळ आणि दुपटी धुणे पाहते. खर्च निम्म्यावर येतो आणि मूल एकट्या परक्या माणसाच्या हाती राहत नाही. या भागातील परिस्थितीत ही जोडव्यवस्था बरीचशी समाधानकारक ठरते.

दुसरी एक रीत अजूनही पुरती गेलेली नाही. नात्यातील किंवा खेड्यातील दहा-बारा वर्षांची मुलगी 'लेकराला खेळवायला' आणून ठेवणे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकांना कामावर ठेवणे सर्वच व्यवसायांत निषिद्ध झाले. 'शाळेतही घालू' हे आश्वासन असल्याने हा गुन्हा टळत नाही.

दूध, पाणी आणि ऊन

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा महिन्यांची प्रसूती रजा मिळाल्यास हा काळ घरी जातो. रजा न मिळणाऱ्या किंवा लवकर रुजू होणाऱ्या मातेला दूध काढून ठेवावे लागते. काढलेले दूध साधारण २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तासांच्या आत वापरावे असे सांगितले जाते. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शीतकपाटाशिवाय हे शक्य नाही. म्हणून पाळणाघर निवडताना शीतकपाट आणि वीज गेल्यावरची सोय या गोष्टी चैनीच्या मानता येत नाहीत.

पाण्याचा प्रश्न लातूरला विशेष तीव्रतेने अनुभवास आला. एप्रिल २०१६ मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बाळाच्या संगोपनात पाणी सतत लागते. दुपटी, लंगोट, वाटी-चमचा, आंघोळ आणि सांभाळणारीचे वारंवार हात धुणे, यांपैकी कशातही काटकसर केली की जुलाब ठरलेले. टंचाईच्या काळात टँकरचा खर्च पाळणाघराच्या शुल्कात उतरतो किंवा स्वच्छतेत उतरतो. पालकांना पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमच्याने दूध पाजणे सुरक्षित मानले जाते ते याचमुळे, कारण वाटी थोड्या पाण्यातही नीट स्वच्छ होते.

लसीकरणाच्या दृष्टीने एक बाब नोंदवण्यासारखी आहे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. सहाव्या महिन्यात पाळणाघरात गेलेले मूल तीन महिने त्या संरक्षणाविना इतर मुलांत वावरते. त्यामुळे मोठ्या मुलांचे लसीकरण पूर्ण आहे का, हे पाहणारे पाळणाघर निवडणे हिताचे असते.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ नुसार तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक होते. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी ही संख्या पन्नास होती. अशी अट घातल्याने तिसाच्या आत थांबण्याचा मोह मालकांना होत असे. प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. येथे गणना एकूण कर्मचाऱ्यांची आहे, केवळ स्त्रियांची नाही, हा महत्त्वाचा बदल होय. मातेला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाता येते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. छोटी रुग्णालये, दुकाने, खासगी शिकवण्या यांतील पुष्कळशा नोकऱ्या मात्र पन्नासच्या आतील आस्थापनांत असल्याने तेथील स्त्रियांना तिचा उपयोग नाही.

राज्य शासनाच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. केंद्र शासनात ती ७३० दिवसांची आहे. लातूरमधील एकाच इमारतीत राहणाऱ्या केंद्राच्या व राज्याच्या कर्मचारी स्त्रियांची पाळणाघराची गरज त्यामुळे सारखी राहत नाही.

घरी ठेवलेल्या बाईसाठी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ असून त्याखाली तिची नोंदणी होऊ शकते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. पालक बाईची ओळखपत्रे व चौकशी याबाबत जागरूक असतात, तिच्या नोंदणीबाबत क्वचितच.

खासगी पाळणाघरांवरील देखरेखीचा प्रश्न नोव्हेंबर २०१६ मध्ये ऐरणीवर आला. नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे सीसीटीव्ही चित्रणातून उघड झाले होते. त्यानंतर अनेक पाळणाघरांनी कॅमेरे बसवले. कॅमेऱ्याने घडलेले कळते, परंतु एका बाईमागे असलेल्या मुलांची संख्या कॅमेऱ्याने कमी होत नाही.

शासकीय पाळणाघरे

अंगणवाडीला पुष्कळदा पाळणाघर समजले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांची मुले काही तास अंगणवाडीत बसतात. तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्याचा शिधा, वजन आणि लसीकरण या सेवा मिळतात, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही.

तो मिळावा यासाठी केंद्र शासनाची स्वतंत्र योजना आहे. २००६ पासून ती राजीव गांधी यांच्या नावाने, २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून चालली आणि २०२२ मध्ये 'मिशन शक्ती'अंतर्गत तिचे नाव 'पालना' झाले. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना तिच्यात आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका केंद्रात २५ मुले, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास असे स्वरूप होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यावरील कुटुंबांना २०० रुपये शुल्क होते.

पालकांच्या बाजूने हे आकडे अत्यंत सुखद आहेत. दुसऱ्या बाजूचे आकडे असे : सेविकेचे मानधन महिना ३,००० व मदतनिसाचे १,५०० रुपये. २५ मुलांत वाटल्यास दर मुलामागे १८० रुपये. महिन्याच्या १९५ तासांनी भागल्यास सेविकेला ताशी सुमारे १५ रुपये आणि मदतनिसाला साडेसात-पावणेआठ रुपये पडतात. त्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसाला २०१ रुपये, म्हणजे ताशी २५ रुपये होता. खासगी असो की शासकीय, पाळणाघराची स्वस्ताई शेवटी याच एका जागेवरून येते. शिवाय साडेसात तासांत बाहेरगावी जाणे-येणे करणाऱ्या आईचा नऊ तासांचा दिवस बसत नाही.

सांभाळणारीचे मूल

दुसऱ्याचे बाळ सांभाळायला येणाऱ्या बाईला स्वतःचे लहान मूल असेल तर ते कोठे असते, हा प्रश्न खर्चाच्या तुलनेत सहसा मांडला जात नाही. ते बहुधा थोरल्या मुलीकडे असते आणि ती मुलगी त्या दिवशी शाळेत नसते. कोसबाडला जे दिसले होते तेच येथे शहरी वस्तीत दिसते. काही घरे बाईला तिचे मूल बरोबर आणू देतात. त्यात दोन्ही मुलांना सोबत मिळते आणि मालकिणीला वेगळा खर्च येत नाही, परंतु दोन मुलांचा खाऊ सारखा असावा एवढे पथ्य पाळावे लागते.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तर दोन्ही पर्याय लागू नाहीत. नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार यांसारख्या तालुक्यांतून व शेजारच्या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मजुरी टनावर मिळते. फडाच्या कडेला बैलगाडीच्या सावलीत झोळी असते. मूल पाजायला घेतलेला वेळ टनातून वजा होतो. कामगार मुकादमामार्फत आलेले असल्याने कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, म्हणून कारखाने अधिनियमातील पाळणाघर त्यांच्या वाट्याला आले नाही. हंगामी वसतिगृहांची सोय शाळकरी मुलांसाठी आहे, तान्ह्यांसाठी नाही.

रोजगार हमीच्या कामावर मात्र निराळी तरतूद झाली. २००५ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करणे आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी देणे आवश्यक केले.